पाचवा बोया

बोटीमागं ओढली जात असताना चौथ्या तरंगत्या बोयापाशी दोराची दांडी अर्पिताच्या हातातून निसटली आणि ती गालावर पाण्यात आपटली. ताशी बावन्न किलोमीटरच्या वेगात पाणी फरशीसारखं लागतं. ती वर आली तेव्हा डाव्या कानात नुसतं घूं वाजत होतं. पायातली स्की सुटून दहा हातांवर तरंगत होती.

ईरण्णानं बोट वळवून तिच्याजवळ आणली आणि इंजिन बंद केलं.

"झालं आजचं. नऊ फेऱ्या झाल्या. म्या सहा सांगितल्या होत्या."

"अजून एक, मामा."

"दमलेल्या अंगाला चूकच पाठ होते. बोटीची लाट ओलांडली की एक हात सोडून मोकळी हुतीस तू. दोन्ही हात दांडीवर ठेव, दांडी कमरेशी ठेव, मग वळ. रोज तेच सांगतो."

"म्हणून तर अजून एक."

त्यानं तिच्या तळहातांकडं पाहिलं. कातडी सोलून लाल झाली होती. तो दोर गुंडाळू लागला.

ईरण्णा लष्कराच्या बोट पथकातून निवृत्त होऊन उमरग्याकडच्या आपल्या गावी आला, तेव्हा एका क्लबनं मोडीत काढलेली बोट दुरुस्त करून सोबत घेऊन आला होता. बेंबळीच्या पुढच्या तलावावर परवानगी काढून त्यानं स्लॅलमचे बोये टाकले: डावीकडं तीन, उजवीकडं तीन, आणि आत शिरायला नि बाहेर पडायला बोयांच्या जोडीचं एकेक फाटक. बोट मधून सरळ जायची आणि मागं दोराला धरलेल्यानं एका स्कीवर नागमोडी जात साही बोयांना बाहेरून वळसा घालायचा. सुरुवातीला सात पोरं आली होती. सहा वर्षांनंतर एकटी अर्पिता उरली होती.

अकरा दिवसांनी भोपाळच्या तलावावर निवड चाचणी होती. बावन्नच्या वेगाला साही बोये पूर्ण केले तरच पुढची फेरी मिळणार होती. अर्पिता चोविशीची झाली होती. लातूरच्या शाळेतली क्रीडाशिक्षिकेची जागा तिनं दोनदा नाकारली होती आणि शाळा तिसऱ्यांदा विचारणार नव्हती. बावन्नला तिचा चौथा बोया आजवर एकदाही पार झाला नव्हता.

तिची आई, लक्ष्मीबाई, रोज सकाळी तलावाच्या भरावावर दगडावर बसून मोबाइलवर शूटिंग करायची आणि तिथूनच अंगणवाडीवर जायची. तिला पोहता येत नव्हतं. अर्पिता पडली की पाण्यातून तिचं डोकं वर येईपर्यंत आई दगडावरून उठून उभी राहायची. त्या वेळचं शूटिंग हमखास हललेलं असायचं.

दुसऱ्या दिवशी अर्पितानं पाच फेऱ्या केल्या. दोनदा चौथ्याला पडली, तीनदा तिसऱ्याला. पाचव्या फेरीनंतर ती पाण्यातून बाहेर आली, काठावर उकिडवी बसली आणि ओली मान गुडघ्यांत घालून किती तरी वेळ तशीच राहिली. रडतही नव्हती. लक्ष्मीबाई भरावावरून उतरून आली, तिच्याजवळ उभी राहिली, मग बोटीकडं गेली. ईरण्णाशी काहीतरी बोलली. अर्पितानं तिकडं पाहिलं नाही.

"चल," ईरण्णानं हाक मारली. "शेवटची."

त्या फेरीत पाणी मऊ लागलं. पहिला बोया, दुसरा, तिसरा. लाट ओलांडल्यावर वेळ हाताशी उरत होता, दांडी कमरेशी राहत होती. चौथा कधी मागं गेला ते तिला कळलंच नाही. पाचवा. सहावा. बाहेरच्या फाटकातून ती सरळ निघाली आणि दोर सोडून पाण्यात हळूच बसत गेली. भरावावर आई हात वर करून उभी होती. ईरण्णा मात्र वळून बघत नव्हता.

दुपारी घरी तिच्या हातांना पट्ट्या होत्या, म्हणून आईनंच भाकरी कुस्करून कालवण घालून दिलं आणि ती अंगणवाडीच्या मीटिंगला गेली. मोबाइल घरीच ठेवून गेली. अर्पितानं एकटीनं तो व्हिडिओ चार वेळा पाहिला. पाचव्या वेळेला तिची नजर खालच्या सेकंदांवर गेली. आतल्या फाटकापासून बाहेरच्या फाटकापर्यंत एकोणीस.

तिनं आधीचे व्हिडिओ काढले. अर्धवट फेऱ्यांतही बोट तर शेवटपर्यंत जायचीच. अठरा. अठरा. पुन्हा अठरा. बावन्नच्या वेगाला अठराच लागतात. एकोणीस लागतात ते एकोणपन्नासला. आणि एकोणपन्नासच्या वेगानं तिचे साही बोये गेल्या वर्षीच झाले होते.

ती सायकल काढून तलावावर गेली. ईरण्णा काठावर ओढलेल्या बोटीच्या पंख्याला ग्रीस लावत होता.

"मामा, शेवटच्या फेरीला वेग किती होता?"

"बावन्न."

"व्हिडिओत एकोणीस सेकंद दिसतेत."

त्यानं ग्रीसचं बोट फडक्याला पुसलं. बराच वेळ पुसत राहिला.

"म्याच कमी केला."

"का?"

"एकदा सहा बघितलेस की मन वर येईल, असं वाटलं."

"भोपाळला कोण कमी करणारय?"

अर्पिता बोटीला टेकून उभी राहिली.

"मला जमणार न्हाय, मामा. सहा वर्षं झाली. मी तिथं जाऊन सगळ्यांसमोर चौथ्याला पडणार, एवढंच हाय."

"दोन हात..."

"दोन हात, दोन हात. कळतंय मला. पाण्यात गेल्यावर हात ऐकत न्हाईत."

बोटीखालून तेलाचा एक थेंब मातीत पडला. जाताना ती म्हणाली, "आईला सांगू नका. तिनं सकाळपासून अख्ख्या आळीला सांगितलंय."

ईरण्णानं पुन्हा ग्रीसमध्ये बोट घातलं.

संध्याकाळी शेजारची वैष्णवी आली. लक्ष्मीबाईनं तिला बसवून घेतलं.

"दाखव गं हिला, सहा झालेलं."

"चार्जिंग संपलंय," अर्पिता म्हणाली.

वैष्णवी चहा पिऊन गेली. लक्ष्मीबाईनं फळीवरचा मोबाइल उचलला. त्यात अर्ध्याच्या वर चार्जिंग होतं. तिनं एकदा लेकीकडं पाहिलं. अर्पिता पाठमोरी बसून दातांनी पट्टीची गाठ सोडत होती. आईनं मोबाइल होता तिथं ठेवला आणि तिच्यासमोर बसून गाठ सोडून दिली.

सकाळी अर्पिता कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून स्कीच्या रबरात पाय घालत होती. भरावावर जाण्याऐवजी लक्ष्मीबाई चिखल तुडवत बोटीपाशी आली.

"ईरण्णाभाऊ," ती खालच्या आवाजात म्हणाली, "काल मी म्हणले तसं आज करू नका. हाय त्या वेगानं पळू द्या तिला."

पाण्यावरून आवाज लांब जातो, हे तिला माहीत नव्हतं. अर्पिता वाकलेली तशीच राहिली. रबर टाचेवर चढलं होतं तरी तिची बोटं तिथंच होती. मग तिनं दांडी घेतली आणि दोर ताणला जाईपर्यंत आईकडं न बघता मागं सरकत गेली.

पहिल्या फेरीला ती तिसऱ्याला पडली. दुसरीला चौथ्याला, अगदी परवासारखीच, त्याच गालावर. तिसरीला चौथ्यापर्यंत पोचायला उशीर झाला आणि तिनं दोर आपणहून सोडला. ईरण्णा दर वेळी बोट वळवून आणत होता.

चौथ्या फेरीला लाट ओलांडताना तिनं दोन्ही हात दांडीवर ठेवले, सोलल्या कातडीत दांडी रुतली तरी ठेवले, आणि सोडायची घाई झाली त्यानंतरही क्षणभर ठेवले. चौथा बोया तिच्या उजव्या खांद्याजवळून मागं गेला. पाचव्यापाशी ती उशिरा पोचली, एका हातानं कशीबशी वळली आणि दोर सैल पडून पाण्यात कोसळली. पण बोया तिच्या आतल्या बाजूला होता. वळसा झाला होता.

उरलेल्या दोन फेऱ्यांत ती पुन्हा चौथ्यालाच पडली. सहा फेऱ्या झाल्या. सातवी तिनं मागितली नाही.

ती काठावर आली तेव्हा लक्ष्मीबाई घोट्याएवढ्या पाण्यात टॉवेल घेऊन उभी होती. लुगड्याचा काठ भिजला होता. तिनं स्की हातात घेतली, टॉवेल लेकीच्या खांद्यावर टाकला.

"पाच," अर्पिता म्हणाली. "एकदाच."

"व्हय. बघितलं म्या."

दोघी भरावाकडं चालू लागल्या. अर्पिताच्या तळहातांतून पाणी आणि थोडं रक्त मनगटावर उतरत होतं.

"आई, भोपाळला तू चल माझ्यासंगं."

"म्या येऊन काय करू? मला काय कळतंय त्यातलं?"

अर्पिता चार पावलं पुढं गेली, मग थांबली.

"कळतंय तुला. वेगाचं बी कळतंय," ती म्हणाली, आणि आईच्या हातातून स्की परत स्वतःकडं घेतली.