गाडी नसलेल्या स्टेशनाची घंटा

मित्रांनो, मला सारे घंटा म्हणत आले. प्रत्यक्षात मी हातभर लांबीचा एक जुना रुळाचा तुकडा आहे. माझी भावंडे गाडीखाली आडवी पडून राबली. मी वाकडा निघालो, म्हणून मला कापून, भोक पाडून, माळावरच्या या लहान स्टेशनाच्या छपराखाली टांगले. वाकडेपणाचेही कधी असे भले होते.

मागच्या स्टेशनावरून गाडी सुटली की सांधेवाला लोखंडी दांड्याने मला ठोके देई. दूरदूर विखुरलेली घरे ते ऐकत आणि मगच माणसे निघत. कोणी चूल विझवी, कोणी दुकानाला कुलूप लावी. ठोक्याआधी इथे चिटपाखरूही नसे. परका माणूस म्हणे, "कसलं ओसाड स्टेशन!" आणि थोड्याच वेळात त्याला बाकावर सरकून बसावे लागे.

पुढे गाडी बंद झाली. ती तोट्यात होती म्हणे. रस्ते कोणत्या नफ्यात चालतात, हे कोणी विचारले नाही. मी गंजलो. कोळ्याने माझ्या आडोशाला संसार थाटला.

पुष्कळ वर्षांनी, गाडी पुन्हा सुरू करणे परवडेल का हे ठरवायला दोन साहेब आले. मोठे शिकलेले. माझ्याखालच्या बाकावर बसून ते येणारे प्रवासी मोजू लागले. गाडी नसलेल्या स्टेशनावर! दुपारपर्यंत एक शेळी आली. ती त्यांनी मोजणीत धरली नाही. एवढी सचोटी पाळली.

मग शिंपीणबाई आल्या. त्यांच्या नवऱ्याची मूत्रपिंडे निकामी झालेली. रक्त शुद्ध करून घ्यायला त्याला दर आठवड्याला शहरात न्यावे लागे, आणि जीपच्या धक्क्यांनी तो अर्धमेला होऊन परते. गाडी आली नाही, तर घर सोडून शहर गाठणे भाग होते.

"साहेब, आम्हाला धरलंत का मोजणीत?"

"बाई, तुम्ही प्रवासाला आलात का?"

"गाडी असती तर गेलेच असते की! आता काय रुळावरून घरंगळत जाऊ?"

"मग तुम्हाला प्रवासी म्हणता येत नाही."

"अहो, इथं ठोका पडल्याशिवाय कुणी घराबाहेर पडत नाही. थांबा जरा."

त्यांनी कोपऱ्यातला दांडा उचलला आणि मला हाणला. गंज झडला, कोळी पळाला. आवाज घोगरा निघाला, पण माझाच. आणि मित्रांनो, माळावरची दारे उघडली! म्हातारा सांधेवाला एकाच पायात चप्पल घालून धावला. सुतार हातातल्या रंध्यासकट आला. मास्तरीणबाई पिशवी घेऊन आल्या. सर्वांत शेवटी, कुंपण धरत धरत, शिंपीणबाईंचा नवरा पोचला.

"आली का गं?" त्याने विचारले.

बाईंनी दांडा भिंतीला टेकवला आणि त्याला हात दिला. थोरल्या साहेबांनी चष्मा पुसला.

"घंटा वाजवून जमवलेली माणसं धरता येत नाहीत," ते म्हणाले. "ती आपणहून यायला हवीत."

गाडी परवडत नाही, असे ठरले. शिंपीणबाईंनी शिलाईचे मशीन जीपच्या टपावर बांधले, नवऱ्याला आत बसवले आणि घराला कुलूप लावले. जाण्यापूर्वी माझा दांडा माझ्याशेजारच्या खिळ्याला नीट अडकवला. पुढच्या मोजणीला एक दार कमी उघडेल, आणि तो आकडा अगदी अचूक असेल.

मित्रांनो, मी थकलो आहे. मला घासूनपुसून चकचकीत करू नका. एवढेच करा: कोणाला काय हवे हे मोजायला बसाल, तेव्हा आधी हाक मारा. आणि हाकेला ओ देत, कुंपण धरत धरत, जो सर्वांत शेवटी येईल, त्याची मोजणी पहिली करा.