सरांनी गाळलेली दीड पानं

उकंडा मुनेश्वर एकतीस वर्षं घाटंजीतल्या एका जिनिंगमध्ये ग्रेडर होता. कापसाची गाडी आली की तो वरच्या पांढऱ्याशुभ्र थराकडे पाहायचासुद्धा नाही. कोपरापर्यंत हात आत खुपसायचा, तळातला मूठभर कापूस बाहेर काढायचा आणि दोन अंगठ्यांत धरून धागा ओढायचा. आत ओली कवडी, म्हणजे किडका डागी कापूस, निघाला की गाडी परत. या कामात त्याला दोस्त कमी मिळाले, पण तो कुणाला भ्याला नाही.

वाचायचा नाद मात्र शाळेपासूनचा. निवृत्त झाल्यावर तो रोज दहा वाजता सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसू लागला. राजेरजवाडे, लढाया, जुनी शहरं, जे इतिहासाचं मिळेल ते. तिथेच त्याची यज्ञेश्वर पिंपळापुरे सरांशी ओळख झाली. सर यवतमाळच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवून निवृत्त झालेले, आणि गावात त्यांच्या शब्दाला मान.

एक दिवस सरांनी त्याला घरी बोलावलं. टेबलावर टाईप केलेल्या कागदांचा गठ्ठा होता.

"मुनेश्वरभाऊ, पाश्चात्त्य संस्कृतीच्या इतिहासावरचं एक गाजलेलं इंग्रजी पुस्तक मी मराठीत आणतोय. ग्रीसपासून कारखान्यांपर्यंत. पुस्तक विद्वानांसाठी नाही, सामान्य वाचकासाठी आहे. म्हणून म्हटलं, छापायच्या आधी एका सामान्य वाचकाने वाचावं."

"मी वाचू?"

"तुम्हीच. अडलं तिथे पेन्सिलने खूण करा. प्रकरण संपलं की खाली ‘वाचले, समजले’ असं लिहून सही करा. प्रकाशकाला दाखवता येईल."

उकंडा गठ्ठा दोन्ही हातांत धरून घरी आला. त्याच्या बायकोने, कांताबाईने विचारलं, "अन् सही कायले पाह्यजे?" त्यावर तो म्हणाला, "मोठ्या लोकायच्या कामात लागते."

पहिली दोन प्रकरणं त्याने झपाटल्यासारखी वाचली. भर चौकात उभं राहून वाद घालणारी माणसं, दगडी नाट्यगृहं, शहराचं घाण पाणी वाहून नेणाऱ्या बांधीव नाल्या. आपल्या वॉर्डातली नाली आठवून तो हसला आणि खाली ‘वाचले, समजले’ लिहून मोकळा झाला.

मग तो अथेन्सजवळच्या चांदीच्या खाणींपाशी आला. त्या खाणींत गुलाम होते. ‘या वैभवामागे गुलामांचे श्रम होते हे विसरून चालणार नाही,’ असं एक वाक्य होतं, आणि पुढच्याच वाक्यात लेखक ते विसरला होता. त्यानंतर अठ्ठावीस पानं देवळांच्या खांबांवर. खांब मधोमध किंचित फुगीर का ठेवत, संगमरवर कसा जोडत. खाणीत रांगत जाणाऱ्या माणसाला मात्र एक ओळ. उकंडाने परत मागे जाऊन पाहिलं. एकच ओळ.

पुढे समुद्रापलीकडच्या नव्या जगाचं प्रकरण आलं. तिथली गावंच्या गावं रोगाने, तलवारीने संपली, आणि प्रत्येक वेळी लेखकाने ‘दुर्दैवाने’ हा शब्द वापरला होता. उकंडा पेन्सिलने त्या शब्दाखाली रेघ मारत गेला. प्रकरणाअखेर अकरा रेघा झाल्या. त्याला तोंडात काहीतरी नासल्यासारखं वाटलं. तो उठला, चूळ भरून आला आणि पुन्हा बसला. सही मात्र त्याने केली. वाचलं होतं, समजलंही होतं.

कारखान्यांच्या प्रकरणाची तो वाट पाहत होता. कापूस हा त्याचा विषय. तिथे यंत्रांची नावं होती, यंत्रं काढणाऱ्यांची चरित्रं होती, त्यातल्या एकाच्या सासऱ्याचंही नाव होतं. आणि मग एक वाक्य आलं : ‘मँचेस्टरमध्ये कापूस आला आणि जग बदलले.’

"आला!" उकंडा ओरडला. "पायानं चालत आला का रे?"

कांताबाई तूर निवडत होती. दहाव्या वर्षापासून तिने लोकांच्या वावरात कापूस वेचला होता. बोंडाच्या वाळक्या टोकांनी तिच्या बोटांची पेरं कायमची खरखरीत झालेली. "काय झालं?" तिने विचारलं.

त्याने वाचून दाखवलं.

"कुठून आला ते नाही लेहलं?"

"नाही."

"मंग वेचला कोनं?"

"तेबी नाही."

कांताबाईने सूप खाली ठेवलं. "याले कापूस झाडाले लागते का आभायातून पडते, तेबी मालूम नसन," ती म्हणाली आणि पुन्हा तुरीला लागली.

दुसऱ्या दिवशी उकंडा सरांकडे गेला. "सर, हा माणूस बेशरम आहे," त्याने सरळच सांगितलं. "वऱ्हाडाचा कापूस तिकडं गेला हे मले मालूम आहे, मी जिनिंगच्या म्हाताऱ्यायकडून आयकलं. याले मालूम नसन असं होत नाही. मंग लेहत काहून नाही?"

सर हसले. "अहो, तो मूळ लेखकाचा दृष्टिकोन. माणूस युरोपचा, तो तिकडूनच पाहणार. अनुवादकाचे हात बांधलेले असतात, मुनेश्वरभाऊ. आपण काही घालू शकत नाही, काही काढू शकत नाही."

हे उकंडाला पटलं. महिनाभर तो त्या परक्या लेखकाला शिव्या देत राहिला, बायकोजवळ, वाचनालयात, चहाच्या टपरीवर. आणि सह्या करत राहिला.

शेवटचं प्रकरण झाल्यावर तळटीपा तपासताना त्याच्या लक्षात आलं की कापसाच्या प्रकरणात एक्केचाळीस नंबरनंतर एकदम चव्वेचाळीस आहे. टाईप करणाऱ्याची चूक असेल म्हणून तो विचारायला गेला, तर सर मुलाकडे, स्वानंदकडे पुण्याला गेले होते. सुहासिनीबाई, सरांच्या पत्नी, म्हणाल्या, "मूळ पुस्तकात बघता का? न्या ना. तिथेच टेबलावर आहे."

उकंडाचं इंग्रजी कापसाच्या पावतीपुरतं. पण त्याची मुलगी दीपा बाभुळगावच्या शाळेत इंग्रजी शिकवत होती, आणि रविवारी ती घरी आली. जेवणं झाल्यावर बापलेक चटईवर बसले, एका बाजूला इंग्रजी पुस्तक, दुसऱ्या बाजूला सरांचे कागद. दीपा एकेका वाक्यावर बोट ठेवत गेली. ‘कापूस आला’ या वाक्यावर तिचं बोट थांबलं.

"बाबा, इथं दीड पान आहे. सरायच्या कागदात नाही."

"वाच."

ती अडखळत मराठी करत वाचू लागली. अमेरिकेत यादवी माजली आणि तिकडचा कापूस बंद झाला तेव्हा मँचेस्टरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानाकडे हात पसरला. वऱ्हाड, लेखकाने नावच घेतलं होतं. ज्वारीची रानं कपाशीखाली गेली. घरोघरचे चरखे थांबले. रेल्वे आली ती कापसासाठी. आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दुष्काळ पडला तेव्हा रस्त्याकडेला माणसं मरत होती आणि कापसाच्या गाठी बंदराकडे जात होत्या. शेवटी लेखकाने लिहिलं होतं की आमच्या अंगावरच्या स्वच्छ शर्टाचा हा हिशेब आम्ही कधी वाचत नाही.

कांताबाई दारात येऊन उभी होती.

"अजून पाह्य," उकंडा म्हणाला. "मागं पाह्य. खाणीचं प्रकरण."

तिथेही सरांच्या कागदात मूळच्या चार ओळी नव्हत्या. ग्रीसच्या गुलामांबद्दल सांगून लेखक म्हणत होता की जन्मावरून माणसाला कायमचं खाली ठेवायची रीत हिंदुस्थानात याहून पक्की होती, तिथे तर काही माणसांची सावलीसुद्धा चालत नसे. दीपाने त्या ओळी हळू आवाजात वाचल्या.

उकंडाने सरांचे कागद आपल्याकडे ओढले. महिनाभर ज्याला शिव्या दिल्या तो माणूस धुतल्या तांदळासारखा नव्हताच, त्या अकरा ‘दुर्दैवाने’ त्याच्याच होत्या. पण ही दीड पानं त्याने लिहिली होती. ती खाल्ली सरांनी. आणि खाली सही उकंडाची : वाचले, समजले. मूठ वरवर फिरवून आपण गाडी पास केली, असं त्याला वाटलं, आणि या विचाराने तो सरांवर चिडला त्याहून जास्त स्वतःवर चिडला.

सर परतले त्या दिवशी सकाळीच तो गेला. कागदांचा गठ्ठा टेबलावर ठेवून त्याने इंग्रजी पुस्तक उघडं करून समोर ठेवलं.

"सर, बेचाळीस अन् त्रेचाळीस कुठं गेले?"

सरांनी चष्मा लावला, पान पाहिलं, चष्मा काढला. "अच्छा, ते होय. पानांची मर्यादा होती हो. दुष्काळ, आकडे. सामान्य वाचक अशा जागी पुस्तक मिटतो."

"सामान्य वाचक तं तुमी मलेच नेमलं होतं. मले इचारलं नाही."

"प्रत्येक गोष्ट विचारून…"

"तुमी म्हनले, हात बांधले असतात. काही काढता येत नाही म्हनले."

सर खिडकीकडे पाहू लागले. सुहासिनीबाईंनी चहा आणून ठेवला आणि दोघांच्या तोंडाकडे बघून त्या आत गेल्या.

"बरं, हे आकडे झाले," उकंडा म्हणाला. "पन खाणीच्या प्रकरणातल्या या चार ओळी? याच्यात तं एकबी आकडा नाही."

सरांनी इंग्रजी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. मग समजावणीच्या सुरात म्हणाले, "मुनेश्वरभाऊ, खरं सांगू? त्या मी तुमच्यासारख्यांचा विचार करूनच काढल्या. जुन्या जखमा कशाला उकरायच्या? तुम्हाला वाचून वाईट वाटलं असतं."

उकंडाच्या अंगावर शहारा आला. सडक्या कवडीत हात गेला की यायचा तसा. पोरं जगत नाहीत म्हणून त्याच्या आईने त्याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर, वऱ्हाडी उकंड्यावर, लोळवून हे नाव ठेवलं होतं. त्या नावाचा त्याला कधी संकोच वाटला नाही. पण त्या स्वच्छ खोलीत, त्या पुसलेल्या टेबलाशी, त्याला पहिल्यांदा घाण वाटली, सरांच्या त्या बोलण्याची.

"मले वाईट वाटलं असतं तं वाटू द्याचं होतं," तो म्हणाला. "ते माहं काम होतं. तुमचं नाही."

त्याने कागदांचा गठ्ठा ओढला, खिशातून पेन काढलं आणि प्रत्येक प्रकरणाखालची आपली सही खोडायला सुरुवात केली. "अहो, प्रकाशकाला पाठवायचं आहे हे," सर म्हणत राहिले. चौदाही सह्या खोडून झाल्यावर तो उठला.

"प्रस्तावनेत माहं नाव टाकलं असन, तं काढून टाका."

चहा तसाच राहिला.

दिवाळीच्या आत पुस्तक छापून आलं. जाड पुठ्ठा, मुखपृष्ठावर संगमरवरी खांब. यवतमाळला प्रकाशनाचा कार्यक्रम झाला, भाषणं झाली. उकंडाने वाचनालयातली प्रत उघडली. कापूस तसाच ‘आला’ होता. प्रस्तावनेत त्याचं नाव नव्हतं. त्याऐवजी सरांनी लिहिलं होतं, ‘घाटंजीच्या एका साध्या कापूस कामगाराने हे हस्तलिखित अखेरपर्यंत आवडीने वाचले, हीच माझ्या श्रमांची पावती.’

तो वाचनालयाच्या बाहेर गेला आणि रस्त्याच्या कडेला थुंकला.

त्या आठवड्यात दीपाने ती दीड पानं आणि त्या चार ओळी नीट मराठीत लिहिल्या. उकंडाने दोन जागी शब्द बदलायला लावले. दीपाने मोबाईलवर टाईप केलं, पुस्तकाच्याच आकाराचे कागद छापून आणले, आणि उकंडाने ते वाचनालयातल्या प्रतीत योग्य त्या पानांमध्ये डिंकाने चिकटवले. वाचनालय सांभाळणारी केतकी समोरच्या टेबलावरून सगळं पाहत होती. तिने उठून पुस्तक हातात घेतलं. आता हिला जाब द्यावा लागणार, असं उकंडाला वाटलं. तिने चिकटवलेलं पान वाचलं, सावकाश.

"काका, डिंक वला आहे अजून," ती म्हणाली. "पुस्तक मिटू नका. पंख्याखाली ठेवते."

सर त्याला आठवडी बाजारात भेटले. हातात मेथीची जुडी. ते थांबले, जणू काही झालंच नाही. "मुनेश्वरभाऊ! बरेच दिवस आला नाहीत. दुसरा खंड घेतलाय करायला. वाचाल ना?"

उकंडाला त्या हसण्याची किळस आली. या माणसाला खरंच काही वाटत नव्हतं. "आणा," तो म्हणाला. "पन इंग्रजी पुस्तकासंगट आणा."

सरांनी मेथी पिशवीत टाकली. "बघू," म्हणाले आणि गर्दीत निघून गेले.

त्याला चार महिने झाले. कागद आले नाहीत. दीपाने नागपूरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून मूळ दुसरा खंड शोधून आणला आहे. रविवारी ती वाचते, उकंडा पेन्सिल घेऊन बसतो आणि दर दोन पानांनी त्या लेखकाला शिव्या देतो. कांताबाई आता तूर निवडायला तिथेच बसते, आणि मधूनच विचारते, "मंग? याच्यात तरी कोनं वेचला, ते लेहलं का?"