देश (एकच लिहावा)

रकाना १. मुलाचे नाव.
सिंधु.

रकाना २. वय.
तेव्हा अडीच. आता साडेतेरा. कुठलं वय हवं ते छापलेलं नाही, म्हणून दोन्ही लिहिली.

रकाना ३. अर्जदार.
सरजाबाई, मुलीची आई. गाव अहमदपूर तालुक्यात. अर्ज भरणार मी, पंचशीला. थोरली. नांदेडला कॉलेजात शिकते.

रकाना ४. मूल कोणत्या देशात गेले? (एकच लिहावा.)

इथं अडलं.

बहात्तरच्या दुष्काळात बाबा वारले आणि माय खडी फोडायला जाऊ लागली. सिंधुची हाडं दिसायला लागली होती. लातूरच्या एका अनाथालयात दूध मिळतं असं कळलं. पाऊस पडेपर्यंत म्हणून मायनं तिला तिथं ठेवलं. कागदावर अंगठा दिला. तिला वाटलं, दुधासाठी. पुढच्या मे महिन्यात एक गोरी बाई जीपमधून आली आणि सिंधुला कायमची घेऊन गेली.

अनाथालय बंद पडलं. कागद उस्मानाबादला गेले. मग लातूर जिल्हा वेगळा झाला आणि आमच्या भागाची दप्तरं ट्रकमधून परत आली. दोन वर्षं गठ्ठे तसेच पडून होते. यंदा लातूरच्या कचेरीतल्या ग्यानोबा कारकुनांनी त्यातलं एक रजिस्टर उघडलं. सिंधुच्या नावापुढं, देशाच्या जागी, दीड अक्षर: स्वि.

"स्वीडन," मी म्हणाले.

"स्वित्झर्लंडबी असंल," ग्यानोबा म्हणाले.

"खरंच, वेलांटी पहिली आहे. म्हणजे स्वित्झर्लंडच."

"ताई, आमच्या हापिसात दुसरी वेलांटी कोण काढतंय?"

"मग दोन्हीकडं पाठवा."

"शोधाचा अर्ज एकाच वकिलातीला जातो. चुकीच्या गावाला गेला की परत येतो, अन् परत आलेला कागद दप्तरजमा. दुसऱ्यांदा कोणी हात लावत न्हाई. घरी इचारा. मायला काही आठवत असंल."

रकाना ४, पुन्हा.

मन्मथ सर आम्हाला भूगोल शिकवतात. दोन वर्षं जर्मनीत राहून आलेत, तिथं त्यांच्या खोलीत स्वीडनचा एक पोरगा होता. त्यांनी टेबलावर नकाशा पसरला आणि दोन पेन्सिली घेतल्या.

"जर्मन भाषा लई पसरलेली," ते लाल रंग भरत म्हणाले. "दोन्ही जर्मनी. ऑस्ट्रिया. लक्झेंबर्ग, बेल्जियमचा कोपरा, इटलीचं वरचं टोक. अन् स्वित्झर्लंडात निम्म्याहून जास्त लोक." मग निळी घेतली. "स्वीडिशचं घर लहान. स्वीडन, आणि पलीकडं फिनलंडच्या किनाऱ्याची पट्टी. आपल्या देगलूरला तेलुगू ऐकू येते ना, तसं."

"म्हणजे बाई काय बोलली ते कळलं, तर देश कळेल?"

"बराचसा. काय बोलली?"

"ताक."

सर हसले नाहीत, म्हणून पुढचं सांगितलं.

(याला अर्जात रकाना नाही.)

त्या दिवशी माय सिंधुला भेटायला गेली होती. फाटकातच गोरी बाई, तिच्या कडेवर सिंधु. बाई मायकडं बघून म्हणाली, ताक. ऊन असं होतं की कोणीही मागावं. ताक आमच्याकडं विकत नाहीत, मागितलं की देतात. पण त्या साली जनावरं छावणीत होती. माय लातूरभर फिरली. एका दारात जात विचारली, मग दार लागलं. शेवटी एका म्हातारीनं वरून ओतलं. अर्धा गडू ताक घेऊन माय आली तेव्हा फाटकात कोणी नव्हतं.

"स्वीडिशमध्ये ताक म्हणजे आभार," सर म्हणाले. "जीभ दाताला लागते." मग लाल भागावर बोट ठेवून म्हणाले, "पण जर्मनमध्येही एक शब्द आहे. टाक. म्हणजे दिवस. भेटल्यावर म्हणतात. जीभ वर लागते. आईला विचार, ताक होतं का टाक."

रकाना ४, खाडाखोड चालणार नाही.

माय तांदूळ निवडत होती.

"माय, ती बाई ताक म्हणली का टाक?"

"लेकरू कडंवर घेऊन टाक कशाला म्हणंल? काय टाकू?"

"त्यांच्यात टाक म्हंजे नुसतं भेटल्यावर म्हणायचं. आपण जयभीम घालतो तसं."

"अन् ताक?"

खोटं सांगता आलं असतं. "आभार," मी म्हणाले.

तिनं सुपातला एक खडा उचलला, टाकला नाही.

"आभार कशाचे?"

मी अर्जाचा कागद सरळ केला.

"ती आभार मानून राहिली, अन् मी पळाले."

"तू ताक आणायला गेलीस, माय."

"तुला ठावं हाय. तिला काय ठावं? तिला वाटलं, लेकरू दिलं अन् पळाली. पोरगी बी तेच बघून राहिली व्हती."

"लई वर्षं झाली. नीट आठव. टाकबी असंल. ट आणि त, काय फरक पडतो?" मी स्वित्झर्लंडही लिहायला तयार होते.

"न्हाई." सूप बाजूला ठेवून तिनं जीभ दाताला लावली. "ताक, ताक. दोनदा म्हणली. लिही तिकडचं गाव."

मी लिहिलं: स्वीडन. वेलांटी दुसरी काढली.

रकाना ९. मुलास काही कळवायचे असल्यास.

"लिही," माय म्हणाली, "मी पळाले न्हाई."

"मराठीत?"

"मंग? अडीच वर्षांची व्हती, सगळं बोलायची. भाकर म्हणायची, पानी म्हणायची. तिकडं हाय ना कोणी आपलं बोलणारं?"

सरांनी नकाशा माझ्याजवळच दिला होता. स्वीडनवर निळ्या पेन्सिलीचे फटकारे दाट होते, मधे मराठीला कुठं पांढरं राहिलं नव्हतं.

"हाव, हाय," मी म्हणाले.

"मग मोठ्या अक्षरात लिही."

मी मोठ्या अक्षरात लिहिलं.