म्हातारा तेवढा काढा

फोल्डर उघडलं आणि पहिल्याच फोटोत तिला स्वतःचं स्वयंपाकघर दिसलं.

ओट्यावर तिचेच डबे, खिडकीत तिचंच फडकं, आणि सिंकखालच्या भिंतीकडे बोट दाखवत उभे असलेले तिचेच सासरे. दुसऱ्या फोटोत बैठकीची खोली. सासरे खिडकीवरच्या कोपऱ्याकडे बोट दाखवताहेत. तिसऱ्यात न्हाणीघर, सासरे अर्धे दाराआड, बोट मात्र पूर्ण फोटोत. घरातली एकही ओल त्यांनी सोडली नव्हती. सोबत एजंटसाहेबांचा निरोप होता: ‘नवीन घर आलंय विकायला. मोक्याची जागा. ओल पुसा, पसारा पुसा, भिंती उजळ करा. संध्याकाळपर्यंत साइटवर हवं. आणि प्रत्येक फोटोत कुणीतरी म्हातारा घुसलाय, तो तेवढा काढा.’

ती आभासी मदतनीस होती. म्हणजे काम खरं, थकवा खरा, बाई तेवढी आभासी. घरं विकणाऱ्या एजंटांना लांबून मदत करणारी माणसं पुरवणाऱ्या एका कंपनीनं तिला नेमलं होतं. कंपनीनं तिला एक सुटसुटीत टोपणनाव दिलं होतं, आणि व्हिडिओ कॉलच्या वेळी पाठीमागे लावायला पुस्तकांनी गच्च भरलेल्या कपाटाचं चित्र. सगळी पुस्तकं एकाच उंचीची होती, म्हणजे ती कुणी वाचायला घेतलेली नव्हती. मदतनीस राहते कुठं हे विचारायची पद्धत नव्हती. साहेब तिला कुठल्यातरी लांबच्या गावची समजत. प्रत्यक्षात ती त्यांच्या ऑफिसपासून दोन बसथांबे अलीकडे राहत होती.

ती येण्यापूर्वी साहेबांच्या वेबसाइटवर साहेबांचा फोनवर बोलतानाचा भलामोठा फोटो, त्याखाली सरकत जाणारं लाल ‘सुस्वागतम्’ आणि केव्हाच विकली गेलेली घरं, एवढा ऐवज होता. तिनं ती विकली गेलेली घरं काढली, चौकशीला लगेच उत्तर जाईल अशी सोय केली, आणि साहेबांचा फोटो लहान केला. साहेब आठवडाभर गाल फुगवून होते. मग धंदा वाढला आणि गाल आपोआप उतरले. “मॅडम, तुम्ही आहात म्हणून मी आहे,” असं ते दर सोमवारी म्हणत.

घरांचे फोटोही तीच साफ करायची. खिडकीसमोरचा विजेचा खांब पुसायचा, ढगाळ आभाळ निळं करायचं, रिकाम्या खोलीत नसलेला सोफा टाकायचा. त्याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. खांबाला सून नसते.

ती लॅपटॉप तसाच ठेवून उठली. बाबा, म्हणजे सासरे, खिडकीपाशी खुर्चीत बसले होते.

“बाबा, परवा तो फोटोवाला आला होता, त्याला कोण म्हणून आत घेतलंत?”

“कोण म्हणून म्हणजे? ओलीचे फोटो काढायला मालकानं पाठवलेला. तूच तर सांगितलं होतंस.”

सांगितलं होतं खरं. ओलीसाठी ती घरमालकाच्या हात धुऊन मागे लागली होती, आणि गेल्या आठवड्यात तो फोनवर अगदी मधाळ आवाजात म्हणाला होता, ‘माणूस पाठवतो, फोटो काढून नेईल.’ तो खोटं बोलला नव्हता. फक्त तेवढंच बोलला होता.

“पोरगा चांगला होता,” बाबा म्हणाले. “सारखा आपला ‘आजोबा, जरा बाजूला व्हा, आजोबा, जरा बाजूला व्हा’. म्हटलं, अरे बाबा, मी बाजूला झालो तर तुला ओल दाखवणार कोण?”

“घर विकायला काढलंय मालकानं.”

बाबांचा तळवा खिडकीच्या चौकटीवर गेला. त्यांच्या डोळ्यांना आता उजेड कुठला आणि अंधार कुठला एवढंच कळे. तरी या घरात ते डोळस माणसासारखे वावरत. चौकटीला हात लावायचा, तळवा भिंतीवरून सरकवत न्यायचा, कपाट संपलं की वळायचं. ओलसुद्धा त्यांना तळव्यालाच कळे. नोकरीत बदल्यांपायी त्यांनी खूप घरं पाहिली होती. हे घर त्यांनी दिसत होतं तेव्हा पाठ केलं होतं. दुसरं पाठ करायला आता डोळे नव्हते. डॉक्टरांनी हेच, जरा अवघड शब्दांत, फी घेऊन सांगितलं होतं. मुलगा, म्हणजे तिचा नवरा, बदलीच्या गावी होता. महिन्यातून एकदा यायचा आणि दोन दिवस झोपून परत जायचा. त्याला कुठल्याही घरात झोप लागे.

“जाहिरात कोण करतंय?” बाबांनी विचारलं.

“मी.”

“वा! म्हणजे घरचंच कार्य.” ते हसले. “आणि माझं काय करायचं म्हणतो तुझा साहेब?”

“काढायचं.”

“कुठून?”

“फोटोतून.”

“आणि घरातून?”

“ते काम नवा मालक करेल. आपला करार वर्षभराचा आहे अजून. पण घेणारा काय, रोज दारात येऊन उभा राहील.”

“राहू दे की. मला कुठं दिसतोय?”

ती परत लॅपटॉपपाशी आली. नोकरी होती, आधी न्हाणीघर घेतलं. चहाला आधण येण्यापूर्वी भिंत कोरडी ठणठणीत झाली.

“झालं का काही?” बाबांनी विचारलं.

“न्हाणीघराची ओल गेली.”

“अगं, मालकाला कळव. तो म्हणत होता, प्लंबर मिळत नाही.”

मग बाबांची पाळी आली. फोटोवाला येणार म्हणून त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, वरचं बटणसुद्धा लावलं होतं. तिनं शर्टाच्या कडेनं, चपलांच्या कडेनं, त्या बोटाच्या कडेनं रेघ फिरवली. स्क्रीनवर प्रश्न आला: ‘निवडलेला भाग काढायचा का? हो. नाही.’

घरमालकानं विचारलं नव्हतं, साहेबांनी विचारलं नव्हतं. यंत्रानं मात्र रीतसर विचारलं. तिनं ‘नाही’ दाबलं. मग हात लागलाच आहे तर न्हाणीघराची ओलही परत आणली.

सगळे फोटो तिनं जसेच्या तसे साइटवर चढवले आणि खाली मजकूर लिहिला: ‘तीन खोल्या. सकाळचं ऊन चांगलं येतं. ओल आहे, नेमकी कुठं, ते फोटोतले गृहस्थ दाखवत आहेत. घरात माणसं राहतात. त्यांचा करार अजून वर्षभर आहे आणि जायचा विचार नाही.’

साहेबांचा व्हिडिओ कॉल यायला फार वेळ लागला नाही.

“मॅडम, साइट हॅक झालीय का आपली?”

“नाही सर. सुधारलीय.”

“अहो, काय सुधारलीय! म्हातारा आहे तस्साच! मला माणसं फोन करून विचारतायत, म्हातारा घरासोबत मिळणार का म्हणून!”

“उलट आहे सर. म्हातारा आधीपासून आहे. घर त्याच्यासोबत मिळतं.”

“मॅडम, चेष्टा नको. तो मालक माझ्या डोक्यावर बसलाय. तुमचं काय जातंय दोन फोटो पुसायला? तुम्ही तिकडे लांब बसून…”

“कुठे बसून, सर?”

“म्हणजे… तिकडे. जिथे असाल तिथे.”

तिनं एक बटण दाबलं. पुस्तकांचं कपाट गेलं. मागे खिडकी आली, खिडकीवरचा काळपट कोपरा आला आणि त्याखाली, आवाजाकडे कान लावून बसलेले बाबा आले. साहेबांनी मघापासून हेच फोटो बघत शिव्या घातल्या होत्या, त्यामुळे भिंत ओळखायला त्यांना कष्ट पडले नाहीत.

“ही… मॅडम, तुम्ही तिथं राहता?”

“आभासी असले म्हणून काय झालं सर? राहावं कुठंतरी लागतंच.”

“नमस्कार,” बाबा मागून म्हणाले. “ओल बघायला कधी येताय?”

साहेबांनी घसा खाकरला. “हे बघा, धंदा आहे हा, मनावर घेऊ नका. मुकाट्यानं फोटो बदला. मी स्वतः तुम्हाला दुसरं घर बघून देतो. आपल्या साइटवर एकाहून एक छान घरं आहेत.”

“माहीत आहे सर. ती छान मीच केलीत.”

“मग उद्यापासून तुमची गरज नाही!”

“बरं,” ती म्हणाली, आणि पासवर्ड सांगितला. साहेबांना तो लिहून घ्यायला पेन सापडेना, ती थांबली.

दुसऱ्या दिवशी साइटवर घर झळकत होतं. भिंती दुधासारख्या, बैठकीत परका सोफा. नव्या मदतनिसाला घाई झाली असावी. माणूस पुसला होता, भिंतीवरची सावली राहून गेली होती.

“बाबा, तुमची सावली राहिलीय फोटोत.”

“बोट आहे का तिला?”

“आहे.”

“मग कामावर आहे म्हणायची. तुझं काय?”

“शोधतेय.”

रविवारी घर बघायला माणसं येणार असल्याचा मालकाचा निरोप आला. त्यात ‘कृपया सहकार्य करावे’ असंही होतं. तिनं कपाटातून करार काढून पुन्हा वाचला. भिंतीला खिळा ठोकू नये असं त्यात एक कलम होतं, आणि इतकी वर्षं ते दोघांनीही पाळलं होतं. आरसा टेबलावर टेकवून ठेवलेला असे, घड्याळ कपाटावर आडवं पडलेलं असे.

शनिवारी दुपारी ती शेजारणीकडून हातोडी घेऊन आली. बैठकीतल्या भिंतीवर कोरडी जागा शोधून तिनं खिळा धरला आणि ठोकला. पहिल्या घावाला पोपडा पडला. ती ठोकत राहिली.

आवाज थांबल्यावर बाबा चौकटीला हात लावून भिंतीच्या कडेनं आले. तळवा सरकत सरकत खिळ्यापाशी आला आणि अडला. दोन बोटांत धरून त्यांनी तो हलवून पाहिला.

“पक्का बसलाय. काय लावणार?”

“अजून ठरवलं नाही.”

“असू दे. सावकाश ठरव.”

ते पुढे निघाले, दोन पावलं गेले, मग मागे आले. खांद्यापासून किती वर, चौकटीपासून किती आत, हे त्यांनी हातानं एकदा मापून घेतलं, आणि मग गेले.