चोवीस आऱ्या

"वैनी, चरखा उसवायचा."

शिवशरण सोलापूरहून सायकल हाणत आला होता. घामसुद्धा पुसला नव्हता. पार्वतम्माच्या हातचं खाऊन वाढलेला हा धाकटा दीर. तिची सुई थांबली. आठ दिवस खपून तिनं तिरंग्याच्या पांढऱ्या पट्टीवर निळ्या दोऱ्यानं चरखा भरला होता.

"काय चुकलं माझं?"

"तुमचं न्हाय. दिल्लीत नवीन ठरलंय. नुसतं चक्र, चोवीस आऱ्या. चरखा मागनं उलटा दिसतोय. ह्ये दोन्हीकडनं सारखं."

"आन् चढवायचं परवाच?"

"व्हय, पंधरा तारखेला. माकणी गावात."

निजामाच्या राज्यात हे निशाण घरात सापडलं तरी तुरुंग. हाती मधला एकच दिवस होता. तो दिवस उसवण्यात गेला. तिनं वाटी पालथी घालून गोल काढला, कागदाला घड्या घालून आऱ्या बसवल्या. मागं एक गाठ दिसू दिली नाही. चरख्याच्या टाक्यांची भोकं तेवढी राहिली.

पंधरा तारखेला दिवस उगवताना शिवशरण निघाला, निशाण सदऱ्याखाली पोटाला गुंडाळून. पार्वतम्मा पूजेला बसली. नेम रोजचाच: गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, आणि तीर्थ घेऊन पूजा संपेपर्यंत बोलायचं नाही, उठायचं नाही.

पूजा निम्मी झाली तोच दारात घोडा थांबला. निजामाच्या पोलिसांचा जमादार.

"माय, दीर कुठं गेलाय?"

तिच्या हातातलं लिंग पाहून त्यानं पाय मागं घेतला. "होऊ द्या. पूजा मोडायचं पाप म्या न्हाय घेणार." तो ओट्यावर टेकला.

लिंगासमोर ती जन्मात खोटं बोलली नव्हती. आणि खरं सांगितलं, तर सायकलीला घोड्यानं गाठायला कितीसा वेळ?

तिनं तीर्थाला हात लावला नाही. जप संपला, पुन्हा धरला. पुन्हा संपला.

शेजारची गौराबाई डोकावली. "अगं, आज काय देवाला जन्माचं गाऱ्हाणं सांगायलीस?"

ओढ्याला पाणी असलं तर? चाक पंक्चर झालं तर? निशाण तिनं दोन्हीकडून सारखं शिवलं होतं. ती स्वतः मात्र ओठांत शिवाचं नाव घेत मनानं सायकलीमागं धावत होती. लिंग धरून धरून हात बधिर झाला. जमादार दोनदा पाणी प्याला, एकदा त्यानं डुलकी काढली.

ऊन कलल्यावर घोड्यावरून शिपाई आला.

"साब, माकणीत निशाण चढलं! माणूस धरलाय."

जमादार उठला. तिच्या हाताकडं बघत म्हणाला, "पूजा लई मोठी झाली, माय."

तिनं तीर्थ घेतलं.

"लई मारलं का त्याला?"

शिपाई खाली बघू लागला.

ते गेल्यावर गौराबाईनं दुधाची वाटी आणली. पार्वतम्मानं नको म्हणून मान हलवली. "आज म्या देवाला आड धरलं, गौराबाई."

तिनं हातपाय धुतले, नवं पाणी भरलं, आणि मिटत नव्हता त्या तळहातावर पुन्हा लिंग घेतलं. सकाळची पूजा अजून व्हायचीच होती.