सरिताला सांगायचं नाही

सरिताला कुणी काही सांगायचं नाही, असं ठरलं. ठरवणारे कोण? तिचा नवरा समाधान, तिचा दीर आणि आमच्या चाळीतले सगळे शहाणे. त्यात मीही होते, म्हणून आता कुणाला नावं ठेवायला मला तोंड नाही. तरी ठेवणार आहे.

सरिता आणि मी, दोघी धुळ्याकडच्या. सायली गावातल्या धाग्याच्या फॅक्टरीत चौदा वर्षं शेजारशेजारच्या मशीनवर काढली. ती माझ्याहून सहा वर्षांनी लहान, पण तोंड माझ्याहून मोठं. सुपरवायझरला हिंदीत, सेठच्या माणसाला गुजरातीत आणि मला अहिराणीत शिव्या घालायची. तिच्याशी वाद घालून कुणी जिंकलेलं मी पाहिलं नाही. रात्रपाळीला झोप येऊ नये म्हणून तिच्या तळहातावर तंबाखूच्या मिसरीची पहिली चिमूट मीच ठेवली होती. हे मी कुणाला बोलले नव्हते, आज बोलते.

दिवाळीनंतर तिच्या जिभेच्या कडेला फोड आला. "मिरची लागली गं," म्हणाली. होळीपर्यंत घास गिळवेना. तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरने आम्हाला आत बोलावलं. समाधान नवरा म्हणून आणि मी दहावी झालेली म्हणून. शाळेचं तोंड न पाहिलेली सरिता बाहेर बाकावर. डॉक्टर म्हणाला, कॅन्सर आहे, बराच पुढे गेलाय, जीभ जवळजवळ सगळी काढावी लागेल. जेवण नळीने. बोलणं बंद.

"एवढं करूनही किती दिवस मिळतील, शब्द देता येत नाही," तो म्हणाला. "पेशंटला नीट समजावून सांगा."

"मी सांगतो साहेब," समाधान म्हणाला आणि त्याने सही केली.

बाहेर येऊन त्याने काय सांगितलं? "बारीकशी गाठ आहे. काढली की मोकळी." आणि माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. माय वं, काय सहज डोलावली! नंतर जिन्यात मला म्हणाला, "चिमाबाई, तिला कळलं तर ती टेबलावर जायच्या आधीच मरेल. हिंमत द्यायची, बस." बायकोला ओळखत नव्हता तो. मी ओळखत होते, तरी गप्प बसले.

मग हिंमत देणाऱ्यांची रांग लागली. कुणी म्हणे, आमच्या मामेसासूला पण अशीच गाठ होती, आता भाकरी थापते. कुणी खानवेलहून कसला पाला वाटून आणला. कुणी देवीचा अंगारा. पोटभर चहा पिऊन, हसून, खोटं बोलून घरी जायचे, आणि दारात चपला घालताना माझ्या कानात विचारायचे, "किती महिने म्हणालेत?" डोकं असं सणकायचं ना! पण मी तरी त्यांच्याहून काय वेगळं करत होते?

सरिताची एकच पोर, रोशनी. आठ महिन्यांपूर्वी फॅक्टरीतल्याच एका ओडिशाच्या पोराशी लग्न करून सुरतला निघून गेली. तेव्हा सरिताने तिला भर चौकात तोंडाला येईल ते सुनावलं आणि अबोला धरला. पोरीने तीनदा फोन केला, हिने तिन्ही वेळा कापला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी घाबरत घाबरत विषय काढला.

"रोशनीला फोन लावू का? दोन शब्द बोलून घे."

"खबरदार लावशील तर." बोलताना लाळ गळायची, पदराने पुसत होती. "असल्या बोबड्या आवाजात बोलू तिच्याशी? म्हणेल, आई रडत फोन करते. बरी होऊ दे. मग मीच लावते."

"लावून काय बोलणार?"

"ते माझं नि माझ्या लेकीचं. तुला कशाला सांगू?" आणि हसली. तेवढ्या दुखण्यात हसली मेली.

तेव्हा बोलायला हवं होतं मला. समाधान खाली औषधं आणायला गेला होता, खोलीत आम्ही दोघीच होतो. सरिता, उद्यानंतर तुला बोलता येणार नाही गं, आत्ता लाव फोन. एवढंच सांगायचं होतं. मी काय म्हणाले? "हो गं, बरी झालीस की निवांत बोल. सगळं चांगलं होणार आहे." कारण ती हसत होती, आणि तिला रडताना बघायची माझ्यात ताकद नव्हती. तिच्यासाठी नाही, मी माझ्यासाठी गप्प बसले.

ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी ती नीट शुद्धीवर आली. मान-जबड्याला पट्ट्या, नाकात नळी. ओरडायला गेली तर घशातून नुसती घरघर. मग तिने हात वर केले. आमच्या फॅक्टरीत मशीनच्या आवाजात माणसाचा आवाज पोचत नाही, म्हणून आम्ही बायका हातांनी बोलतो. धागा तुटला, त्याची खूण तिने केली, तोंडाकडे बोट दाखवलं आणि विचारलं, कधी जोडणार? मी खूण केली, थांब, होईल. हातांनीसुद्धा खोटंच बोलले.

दुसऱ्या दिवशी दुपारी रोशनी आली. समाधानने तिलाही एवढंच सांगितलं होतं, आईचं छोटं ऑपरेशन झालंय, येऊन जा. पोर धापा टाकत खाटेशी आली. सरिताचे डोळे वाहायला लागले, पण आवाज कुठून येणार?

"आई, मी आलेय," रोशनी म्हणाली. वाट बघितली. "अजून बोलणार नाहीस? आठ महिने झाले गं. शिव्या दे, पण बोल ना."

समाधान खिडकीबाहेर बघायला लागला. मोठा आला होता हिंमत देणारा!

"मावशी, तू तरी सांग ना तिला बोलायला!"

"तिला बोलता येत नाही, रोशनी," मी म्हटलं. "तिची जीभ काढलीय. आता कधीच बोलता येणार नाही."

सरिताने हे पहिल्यांदा ऐकलं, तेही लेकीसमोर, माझ्या तोंडून. ती माझ्याकडे बघत राहिली. नवऱ्याकडे नाही, माझ्याकडे. मग लेकीकडे वळली आणि तिचे हात सुरू झाले. रोशनीकडे बोट, स्वतःच्या छातीवर मूठ, मग हवेत काहीतरी, भराभर, पुन्हा पुन्हा.

"काय म्हणते? मावशी, तुला कळतं ना तिचं?"

आमच्या खुणा कसल्या? धागा तुटला, बॉबिन भरली, सुपरवायझर आला, चहाला चल. लेकीला सांगायचं त्यात काहीच नाही. 'तुला माफ केलं म्हणते' असं मी म्हटलं असतं तर पोरीने तिथल्या तिथे खरं मानलं असतं. ओठांपर्यंत आलंही होतं. सरिता माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती, ही बया आता काय सांगते म्हणून.

"मला नाही कळत," मी म्हटलं.

सरिताने डोळे पुसले आणि पुन्हा पहिल्यापासून हात हलवायला लागली.