वीतभर उणा पडदा

तबकडी मांडीवर धरून ती आकाशवाणी केंद्राच्या बाकावर बसली होती. पडदे शिवण्यात तिचा जन्म गेला. मखमल असो की मांजरपाट, तिच्या हाताला कापड कसं वश व्हायचं. पण ही काळी थाळी मात्र तिच्या हाती पहिल्यांदाच आली होती. छत्तीस वर्षांत नवऱ्याने तिला त्या तबकडीवर बोट म्हणून टेकवू दिलं नव्हतं. "ठसे उमटतात गं," म्हणायचा. लग्नाच्या वाढदिवशी स्वतः काढायचा, स्वतः लावायचा, आणि गाणं संपतं न संपतं तोच धावत जाऊन सुई उचलायचा.

ऐंशीच्या दशकात त्याने रचून गायलेलं एकुलतं एक गाणं, त्या एकाच गाण्याची ही तबकडी. लोकप्रिय गाण्यांच्या यादीत एकच आठवडा टिकलं, त्रेचाळिसाव्या क्रमांकावर. पुढच्या आठवड्यात जे खाली गेलं ते गेलंच. आता रेडिओवर असल्या विस्मृतीत गेलेल्या गाण्यांची मालिका सुरू झाली होती, आणि केंद्राला या गाण्याची तबकडी दुसऱ्या कुणाकडे मिळेना. नवऱ्याचा गुडघा धरलेला. शेवटी तीच म्हणाली, "मी जाते. गाणं माझंच आहे की नाही?" तो म्हणाला, "सांभाळून ने. आणि गाणं संपताच सुई उचलायला मुद्दाम सांग त्यांना."

गाणं तिचंच होतं, यात तिला कधी शंका नव्हती.

निळी खिडकी, पडदा उणा गं वीतभर,
चंद्राआधी माझी नजर गं तुझ्यावर.

उभ्या आयुष्यात तिचा एकच पडदा आखूड झाला होता. लग्नाच्या पहिल्या वर्षी, धाकट्या बहिणीच्या खोलीचा. माप घेताना हसत होत्या दोघी, आणि टेप सरकली. खिडकीला निळा रंगही तिनेच दिला होता. नवऱ्याने त्याच फजितीचं गाणं केलं. बायको पडदेवाली, म्हणून पडद्याचं गाणं! बाजारात बायका तिला "गाण्यातली बाई" म्हणायच्या, आणि ती लाजून कापडाचा भाव चुकायची.

निवेदकाने तिला आत नेलं. पांढऱ्या मिशांचा, बोलघेवडा माणूस. तबकडी पाकिटातून काढून त्याने मऊ कापडाने पुसली आणि दिव्याखाली तिरकी धरली.

"अरे वा, इथे काहीतरी कोरलंय की!"

"कंपनीचा नंबर असेल. हे म्हणतात तसं."

"नंबर वेगळा, मावशी. शेवटच्या रेघेपासून मधल्या कागदापर्यंत ही कोरी कड असते ना, तिथे साचा कापणारा कारागीर सुईने दोन शब्द कोरायचा. गायकाने हौसेने सांगितलं तर. तुमच्यासाठीच असणार! वाचू?"

"मीच वाचते," ती म्हणाली. सुईत दोरा ओवायचा चष्मा चढवला.

मुंगीच्या पावलांसारखी अक्षरं होती.

*चिंगीला. पडदा आखूडच राहू दे.*

चिंगी. हे नाव तिनेच ठेवलं होतं, बहीण पाळण्यात असताना.

तिला आठवलं, कितीदा म्हटलं होतं, "चिंगे, दे तो पडदा, पट्टी जोडून देते." आणि चिंगी प्रत्येक वेळी, "राहू दे गं अक्का, तेवढाच उजेड येतो." चिंगीने लग्न केलं नाही. अक्का हळहळायची, सणासुदीला पहिलं ताट तिचं वाढायची, दुखलं-खुपलं तर नवऱ्यालाच पिटाळायची, "जाऊन बघून या हो, एकटी आहे बिचारी." तो निघायचाही लगेच. चप्पल सापडायची वाट बघायचा नाही.

आत्ता या घटकेला दोघं तिच्याच स्वयंपाकघरात रेडिओ लावून बसले होते. चिंगी मुद्दाम आली होती, "भावोजींना चहा कोण देईल?" म्हणून.

"मावशी, पाणी देऊ?"

"नको. सुरू करा."

लाल दिवा लागला. निवेदकाचा आवाज मधाळ झाला. "श्रोतेहो, आज आपल्यासोबत आहेत या गाण्याची साक्षात नायिका! सांगा ना, हे गाणं तुमच्यासाठी रचलं तेव्हा काय वाटलं?"

तिने तबकडीवर तळवा टेकला. सबंध तळवा, पाची बोटं. उमटू देत ठसे.

"माझ्यासाठी नाही हो," ती म्हणाली. "माझा त्यात नुसता पडदा आहे. माप चुकलं होतं माझं."

 निवेदकाने घाईघाईने तबकडी लावली. गाणं वाजलं. तरणा, गोड, लबाड आवाज. कडवं सरलं, सूर विरला, आणि निवेदकाचा हात सुईकडे गेला.

तिने त्याचं मनगट धरलं. कात्री धरणारा हात, सुटेना.

"उचलू नका. फिरू दे तिथेच."

सुई त्या कोऱ्या कडेवर फिरत राहिली, खर्र... खर्र... चिंगीच्या नावाभोवती. आणि घरात, रेडिओसमोर, सुई उचलायला धावणाऱ्याचा हात आज पोचणार नव्हता.